बी.ए. (होणार)

लिंबाजी खंदारेनं नवी कोरी पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली आणि ताडकळसच्या बाजारातून तो घराकडे निघाला, तेव्हा पुढची तीन वर्षं आपल्याला ही पेटी पुरून उरणार आहे, याची त्याला काडीचीही कल्पना नव्हती. उलट तो खुशीत होता. एक मोठं काम वेळेच्या आधी उरकल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं.

साल त्र्याहत्तर. लिंबाजी गावातल्या हायस्कुलात शिपाई होता. घंटा वाजवायची, माठ भरायचे आणि हेडमास्तरांची सूचनावही घेऊन वर्गावर्गांतून फिरायचं, असं त्याचं काम. बारा वर्षांत त्यानं शेकडो पोरं आठवीत येताना पाहिली होती आणि मॅट्रिकच्या आसपास गळताना पाहिली होती. पोरं औताला जायची, पोरी सासरी जायच्या. आता त्याची स्वतःची पंचफुला आठवीत आली होती आणि तिला परभणीच्या कॉलेजात घालायचंच, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. आयत्या वेळी धांदल नको, म्हणून त्यानं आठवीपासूनच तयारीला लागायचं ठरवलं.

तयारी म्हणजे नक्की काय, हे विचारायला तो गणिताच्या दिनकरराव मास्तरांकडे गेला होता. मास्तर पेपर तपासत होते.

"अभ्यास," ते म्हणाले.

"त्यो पोरगी करंल, सर. माझ्याकडून काय लागंल?"

मास्तरांनी मान वर न करताच सांगितलं, "हॉस्टेलला राहायचं म्हणजे एक पेटी लागेल."

लिंबाजीनं एवढंच लक्षात ठेवलं.

बाजारात पेट्या विकायला बन्सीधर पेंटर यायचा. त्याच्या दुकानापुढे पाटी होती : 'पेटीवर नाव फुकट'. लिंबाजीनं हिरवी पेटी पसंत केली आणि विचारलं, "किती लांब नाव फुकट?"

"पेटी सरंस्तोवर," बन्सीधर ऐटीत म्हणाला.

"मंग लिवा. कुमारी पंचफुला लिंबाजी खंदारे."

बन्सीधरनं पिवळ्याधमक रंगात नाव काढलं. नाव संपलं तरी निम्मी पेटी कोरीच होती. लिंबाजीला ते काही बघवेना. फुकट मिळणारी जागा वाया चालली होती. त्यानं विचार केला : पोरगी आज ना उद्या बी.ए. होणार, तेव्हा पेटीवर तसं लिहावं लागणार, आणि तेव्हा हा गडी पैसे मागणार.

"फुडं बी.ए. लिवा."

"पोरगी बी.ए. हाय?"

"होणार हाय की. आत्ताच लिवून ठिवा. मंग का तुमाला हुडकत फिरू?"

बन्सीधरला यात वावगं काही दिसलं नाही. जागा बरीच होती, म्हणून त्यानं 'बी.ए.' नावाच्या दुप्पट मोठं काढलं.

लिंबाजीनं पेटी डोक्यावर घेतली ती अक्षरं पुढे करून. बाजारात ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं आणि ज्यांना येत नव्हतं त्यांनी शेजाऱ्याला विचारलं. तो वस्तीत पोचला तेव्हा बातमी त्याच्या आधीच घरी पोचली होती. त्याची बायको धुरपताबाई दारातच उभी होती.

"आवं, आपली पंचफुला बी.ए. झाली म्हणं?" ती घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली. "ती तर आत्ता सरपणाला गेलीया."

लिंबाजीनं तिला सगळा हिशोब समजावला. मग त्यानं बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, बरोबर दारासमोर पेटी ठेवली. रस्त्यावरून जाणाऱ्यालासुद्धा अक्षरं दिसत होती. लिंबाजी मुद्दाम दोनदा रस्त्यावर जाऊन बघून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किशनराव आले. किशनराव म्हणजे गावातले बडे शेतकरी. या वस्तीकडे त्यांची पावलं कधी वळलेली कुणाला आठवत नव्हती. ते आत आले नाहीत. रस्त्यावर उभे राहून त्यांनी हाक मारली.

"लिंबाजी, तुझी पोरगी बी.ए. हाय म्हणं."

"व्हायची हाय, किशनराव."

"व्हायचीच हाय नं? मंग झाली म्हण की. हिरीवरच्या मोटारीला लाईट पायजे. एक दरखास्त लिवून दे म्हणावं. मास्तर लोकं नुसतं उद्या या, परवा या करायलेत."

तेरा वर्षांच्या पंचफुलानं मराठीच्या पुस्तकातल्या नमुन्याबरहुकूम अर्ज लिहून दिला. अक्षर तिचं मोत्यासारखं. किशनरावांना अर्ज वाचायच्या आधी नुसता बघूनच आवडला.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा केला तो एस.टी.नं. गाडी हायस्कुलाच्या वळणावर थांबत नाही, बाजाराच्या ओझ्यानिशी म्हाताऱ्या बायांना लांबून चालत यावं लागतं, म्हणून वस्तीतल्या म्हाताऱ्या कस्तुराबाईनं पंचफुलाकडून एक अर्ज लिहून घेतला. पंधरा दिवसांत गाडी वळणावर थांबायला लागली. खरी गोष्ट अशी होती की, त्या मार्गावर नवा ड्रायव्हर आला होता आणि त्याची सासुरवाडी नेमकी त्या वळणावर होती. पण हे सांगतो कोण? बी.ए. पोरीच्या अर्जानं सरकारची गाडी थांबली, असं पंचक्रोशीत झालं.

मग काय, रीघ लागली. कुणाला रेशनकार्डात नाव घालायचं होतं, कुणाला मिल्ट्रीतल्या पोराला पत्र लिहायचं होतं. पोखर्णीहून एकजण नवसाचा नारळ फोडून थेट इकडे आला, कारण त्याच्या भावकीतल्या वादाचा कागद त्याला 'बी.ए.बाईच्या हातचा' हवा होता. पंचफुला शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आत तिच्यापुढे कागद यायचा. लिंबाजीला आधी याचा फार अभिमान वाटला. पोरीचा हात चालायलाय, कॉलेजला उपयोगीच पडेल, असं तो धुरपताबाईला सांगायचा. धुरपताबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा करून करून वैतागली होती.

नववीची सहामाही झाली आणि दिनकरराव मास्तरांनी लिंबाजीला वर्गातून हाक मारली. तो सुटीची घंटा द्यायला निघाला होता, तसाच आत गेला. मास्तरांच्या हातात गणिताचा पेपर होता.

"लिंबाजी, तुझी पोरगी हुशार आहे ना?"

"हाय की, सर."

"मग हे वाच."

गणित समीकरणाचं होतं. पंचफुलानं दोन ओळी बरोबर सोडवल्या होत्या. तिसरीवर ती अडली होती आणि तिथं सवयीनं हात पुढे चालला होता : 'सबब, महोदयांनी क्ष ची किंमत काढून द्यावी, ही नम्र विनंती.'

"शंभरापैकी अकरा," मास्तर म्हणाले. "असंच चाललं तर पोरगी दहावी बघत नाही."

त्या दिवशी लिंबाजी घंटा द्यायचं विसरला. आपण पोरीला कॉलेजला घालायला निघालो आणि आपल्याच हातानं तिच्या वाटेत पेटी आणून ठेवली, हे त्याच्या ध्यानात आलं. आणि पोरीनं नापास होणं त्याला परवडणारं नव्हतं. धुरपताबाईचा भाऊ, सोनपेठचा सटवाजी, आपल्या पोरासाठी पंचफुलाला केव्हाची मागणी घालून बसला होता. गेल्याच खेपेला तो हसत हसत बोलून गेला होता, "पास होईल तोवर शिकवा, दाजी. ज्या वर्षी नापास होईल त्या वर्षी आमच्या घरी द्या." आणि बोलण्याच्या भरात लिंबाजीनंही मान हलवली होती.

घरी गेल्या गेल्या त्यानं पेटी फिरवून अक्षरं भिंतीकडे केली. संध्याकाळी कस्तुराबाई कागद घेऊन आली आणि दारातच थबकली.

"काय झालं रं लिंबाजी? सरकारनं पदवी काढून घेतली का?"

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी चार माणसं सांत्वनाला आली. येताना त्यांनी आपापले अर्जही आणले होते.

पुढच्या बाजारात लिंबाजी पेटी डोक्यावर घेऊन बन्सीधरकडे गेला. "एवढं बी.ए. पुसून द्या."

"लिवणं फुकट हाय. पुसणं फुकट न्हाई," बन्सीधर म्हणाला. "पुसायचं म्हणलं तर पुरी पेटी घासून रंगवावी लागंल."

"लिवणं अजून बी फुकट हाय?"

"माझी जबान हाय. पेटी सरंस्तोवर."

लिंबाजीनं डोकं खाजवलं. पेटीवर अजून चार बोटं जागा होती. "मंग त्याच्या फुडं कंसात 'होणार' लिवा."

हा तोडगा आपल्याला आधीच कसा सुचला नाही, असं वाटत तो पेटी घेऊन परतला. आता खोटं काही उरलं नव्हतं, लोकांचा गैरसमजही राहणार नव्हता. किशनराव रस्त्यावर वाटच बघत होते. त्यांनी चष्मा सावरून नवीन अक्षरं वाचली.

"होणार? म्हंजी अजून शिकायली का?"

"व्हय, किशनराव. लहान हाय. तिला अभ्यास हाय."

"आरं मंग आदी न्हाई का सांगायचं!" किशनरावांचा चेहरा खुलला. "बी.ए. झालेल्या माणसाला सारकं सारकं तरास द्यायचा म्हंजी आमाला बी कसंसंच व्हायलं. शिकायली म्हणल्यावर हात बसाया पायजे की! घे, ह्या तीन दरखास्ती."

सगळ्या गावाला असंच वाटलं. आजवर जे संकोचानं आले नव्हते, तेही पोरीचा हात बसावा म्हणून मोठ्या मनानं यायला लागले. गर्दी दुप्पट झाली.

तेव्हा लिंबाजीनं शेवटचा उपाय केला. पंचफुलाला त्यानं आत पाठवलं, स्वतः पेटीपुढे मांडी घातली आणि जाहीर केलं, "हितून फुडं दरखास्त मी लिवणार."

लिंबाजीचं शिक्षण निजामाच्या राज्यातलं, तेही अर्धवट. लिहिता-वाचता येत होतं, पण इतक्या वर्षांत त्यानं एकाच प्रकारचा मजकूर वाचला होता, तो हेडमास्तरांच्या सूचनावहीतला. तो त्याला तोंडपाठ होता. कागद लिहायचा म्हणजे तो तसाच लिहायचा असतो, याबद्दल त्याला शंका नव्हती. किशनरावांच्या मोटारीला अजून लाईट आली नव्हती. त्यांच्यासाठी त्यानं मन लावून लिहिलं :

'सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, माझ्या विहिरीवर लाईट नाही. तरी साहेबांनी उद्या न चुकता लाईट घेऊन यावे. जे साहेब लाईट आणणार नाहीत त्यांना वर्गाबाहेर उभे केले जाईल. येताना पालकांची सही आणावी.'

किशनराव हा कागद घेऊन परभणीला गेले. तिथल्या कारकुनानं तो दोनदा वाचला, शेजारच्या टेबलावर वाचायला दिला, आणि मग गंभीर चेहऱ्यानं किशनरावांना विचारलं, "सगळं ठीक आहे. पालकांची सही कुठाय?"

"माझा बाप मरून वीस वर्षं झाली की!" किशनराव म्हणाले. सगळं ऑफिस खो खो हसलं.

संध्याकाळच्या गाडीनं उतरून ते तडक लिंबाजीच्या घरी आले. लालबुंद झाले होते. हाक न मारता ते पायरी चढून आत शिरले आणि समोर दिसलेल्या पेटीवर धप्पकन बसले.

"आरं, साहेबाला वर्गाबाहेर उभं करतोस व्हय रं? मला साठीत पालक आणाया लावतोस?"

या घरात किशनराव पहिल्यांदाच आले होते. रागाच्या भरात ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. धुरपताबाईनं मुकाट्यानं चहाचा कप पुढे केला. तो त्यांनी रागातच पिऊन टाकला. कप खाली ठेवताना मात्र त्यांनी घरात इकडंतिकडं पाहिलं, रिकाम्या कपाकडं पाहिलं, आणि मग ते म्हणाले, "चहा चांगला हाय." त्यानंतर ते रस्त्यावरून कधी बोलले नाहीत. येऊन पेटीवरच बसायचे.

ते गेल्यावर पंचफुला बाहेर आली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"बा, मी रोज चार घंटे अर्ज लिवायली. तुमाला शिकवायला मला अर्धा घंटा पुरंल. शिकता का?"

"ह्या वयात?"

"मंग मी जाते सोनपेठला मामाच्या घरी."

लिंबाजी शिकायला बसला. पहाटे पेटीच्या एका बाजूला पोरगी आणि दुसऱ्या बाजूला बाप. काय मागायचं ते पहिल्या ओळीत मागायचं, दरडावायचं नाही, कुणाला बाहेर उभं करायचं नाही, हे तो महिन्याभरात शिकला. पण पंचफुला तेवढ्यावर थांबेना. ती त्याला गणितही शिकवायला लागली. "शिपाई माणसाला क्ष कशाला पायजे गं?" तो कुरकुरायचा. ती ऐकायची नाही. दिनकरराव मास्तरांनी एकदा सांगितलेलं तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. पण तेच बापाच्या डोक्यात घालायचं म्हणजे दहा वेळा, दहा तऱ्हांनी सांगावं लागायचं, आणि सातव्या-आठव्या खेपेला कधीतरी ते तिला स्वतःलाच लख्ख कळायचं. लिंबाजी जितका ठोंब्या, तितकी पोरगी तयार होत गेली. त्यानं एखादं गणित पहिल्या झटक्यात सोडवलं की तिला उलट काळजी वाटायची.

दिवसा तो अर्ज लिहायचा. हळूहळू त्याच्याही अर्जांना यश येऊ लागलं. किशनरावांच्या विहिरीवर लाईट आली. ती कुणाच्या सासुरवाडीमुळे आली नव्हती, लिंबाजीच्या चौथ्या अर्जामुळे आली होती.

शहात्तर साली दहावीचा निकाल लागला. पंचफुला पहिल्या वर्गात पास झाली. गणितात एक्क्याऐंशी. दिनकरराव मास्तरांनी मार्कांचा कागद लिंबाजीच्या हातात दिला आणि म्हणाले, "महोदयांनी क्ष ची किंमत काढली बरं का." लिंबाजीनं त्या दिवशी घंटा इतक्या जोरात आणि इतका वेळ वाजवली, की कुठे आग लागली म्हणून माणसं घागरी घेऊन धावली. सोनपेठहून सटवाजी निकाल विचारायला आला. निकाल ऐकून त्यानं दोन पेढे खाल्ले, थोडा वेळ विडी ओढली, आणि मग खिशातून कागद काढून म्हणाला, "दाजी, आमच्या पोराला नोकरीसाठी एक अर्ज लिवून द्या की."

जूनमध्ये पेटी तिसऱ्यांदा लिंबाजीच्या डोक्यावर चढली. हॉस्टेलच्या दारात रेक्टरबाईंनी ती खाली ठेवायला लावली आणि वाचली.

"बी.ए., होणार? असं पेटीवर लिहून कुणी आणत नाही हो."

"लिवणं फुकट होतं, बाई," लिंबाजी म्हणाला.

बाई हसल्या. पुरुषांना आत जायला बंदी होती. पंचफुला आणि पेटी आत गेल्या. लिंबाजी फाटकाबाहेर थोडा वेळ उभा राहिला आणि मग लिंबाच्या झाडाआड जाऊन रडला. आनंद झाला होता हे खरं, पण उद्या पहाटे पेटीच्या पलीकडे कुणी नसणार, हेही खरं होतं.

घरी तसबिरीखाली पेटीच्या आकाराची मोकळी जागा दिसत होती. किशनराव एकदा येऊन गेले, बसायला काही सापडेना म्हणून उभ्या उभ्याच परतले. आता पेटी गेली, म्हणजे अर्जही गेले आणि गणितही सुटलं, असं लिंबाजी मनाला समजावत होता. मनाला ते पटत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी दारात बन्सीधर उभा राहिला. त्याच्या डोक्यावर हिरवी पेटी होती.

"चुकलात तुमी," लिंबाजी म्हणाला. "आमाला पेटी नको."

"मी कशाला चुकू? किशनरावांनी घेतलीया. म्हणले, लिंबाजीच्या घरी बसाया जागा राहिली न्हाई. आन पेटी, नाव, आतलं सामान, समदं तुमच्या पोरीनं जायच्या आदीच ठरवून ठिवलं हुतं."

पेटीवर पिवळ्याधमक अक्षरांत लिहिलं होतं : 'श्री. लिंबाजी सखाराम खंदारे, मॅट्रिक (होणार)'.

लिंबाजीनं झाकण उघडलं. आत गणिताची कोरी वही, बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म आणि मोत्यासारख्या अक्षरातली एक चिठ्ठी होती.

'विद्यार्थी लिंबाजी खंदारे यांस कळविण्यात येते की, हेडमास्तरांनी चौकशी केली आहे, तुम्हाला बसता येते. सोबतचा फॉर्म आठ दिवसांत भरून द्यावा. वही दिवाळीच्या सुटीत तपासली जाईल. ज्यांची वही कोरी असेल त्यांना घराबाहेर उभे केले जाईल. पालकांची सही केलेली आहे.'

त्यानं फॉर्म उलटून पाहिला. खरंच होती. पालकाच्या रकान्यात वळणदार सही : 'कु. पंचफुला लिंबाजी खंदारे, बी.ए. (होणार)'.

"काय लिवलंय हो?" धुरपताबाईनं विचारलं.

लिंबाजीनं चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. "दिवाळीला वही तपासणार हाय," एवढंच तो म्हणाला.

त्यानं पेटी तसबिरीखाली ठेवली. संध्याकाळी किशनराव आले, सवयीनं पेटीवर बसले, चहा मागितला, आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"लिंबाजी, एक दरखास्त लिवायची हाय."

"किशनराव, जरा उठा," लिंबाजी म्हणाला. "माझी वही आत हाय."

किशनराव उठून उभे राहिले.